चीवर आणि अध्यासन : धर्मानंद कोसंबी यांच्या विद्याजीवनाचा एक विचार

१

धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) हे नाव मराठी वाचकाला तीन निरनिराळ्या संदर्भांत भेटते. आत्मचरित्रांचा विचार चालला असता ‘निवेदन’चे कर्ते म्हणून, बौद्ध साहित्याचा विचार चालला असता ‘भगवान बुद्ध’ या चरित्रग्रंथाचे लेखक म्हणून, आणि पालीच्या अध्ययनाचा इतिहास सांगताना ‘विसुद्धिमग्ग’ या महाग्रंथाचे संपादक म्हणून. अन्य भारतीय भाषांच्या अभ्यासकांना तर ते पुष्कळदा गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे वडील एवढ्याच नात्याने ठाऊक असतात. या निरनिराळ्या ओळखी खोट्या नाहीत. पण त्या एकत्र ठेवून पाहण्याचा प्रयत्न क्वचितच होतो. परिणामी त्यांच्या आयुष्यातील प्रत्येक वळण एक स्वतंत्र कोडे होऊन बसते. घर सोडून भिक्षू झालेल्या माणसाने चीवर का उतरविले? विद्यापीठांतील जागा मिळाल्यावर त्याने त्या पुनःपुन्हा का सोडल्या? आणि आयुष्यभर ग्रंथांत रमलेल्या पंडिताने शेवटी अन्नत्याग करून देह का ठेवला?

भिक्षू, तत्त्वचिंतक आणि विद्यापीठातील अध्यापक या तीन भूमिका एका आयुष्यात कशा नांदू शकतात, हा त्या सर्व कोड्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. युरोपच्या इतिहासात त्याचे ठळक उदाहरण म्हणजे इटलीतील संत थॉमस अक्वायनस. प्रस्तुत लेखात या दोघांची बरोबरी लावण्याचा हेतू नाही. एका बाजूला असलेली संस्था दुसऱ्या बाजूला नव्हती, तेव्हा काय घडले, एवढेच या तुलनेतून पाहावयाचे आहे.

२

अक्वायनसचा जन्म १२२५ च्या सुमारास सिसिलीच्या राज्यातील रोक्कासेक्का येथील सरदार घराण्यात झाला. नेपल्सच्या विद्यापीठात शिकत असता तो डोमिनिकन पंथाकडे ओढला गेला आणि १२४४ मध्ये त्याने त्या पंथाची दीक्षा घेतली. हा पंथ त्या काळी नवा होता. जमीनजुमल्यावर जगणाऱ्या जुन्या मठांहून त्याची रीत निराळी होती. त्यातील साधू भिक्षेवर राहत, गावोगाव उपदेश करीत आणि त्यासाठी शास्त्राध्ययन करीत. आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर ते ‘भिक्षू’च होते. घरच्यांना हे रुचले नाही. त्यांनी तरुण थॉमसला वाटेतच पकडून सुमारे वर्षभर अडकवून ठेवले. पण त्याचा निश्चय ढळला नाही. पुढे १२५६ मध्ये तो पॅरिसच्या विद्यापीठात धर्मशास्त्राचा आचार्य झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. झगा आणि अध्यासन यांचा हा संयोग आयता मिळालेला नव्हता. भीक मागून जगणाऱ्या साधूंनी विद्यापीठात आचार्यपद भूषवावे की नाही, यावर पॅरिसमध्ये १२५० नंतरच्या दशकात मोठा झगडा झाला. पंथाबाहेरील अध्यापकांनी या नव्या भिक्षूंना आपल्या संघात घेण्याचे नाकारले. अखेर पोपच्या हस्तक्षेपाने १२५७ मध्ये त्यांना प्रवेश मिळाला. मात्र हा झगडा ज्या दोन पक्षांत झाला ते दोन्ही एकाच धर्माचे, एकाच ग्रंथभाषेचे आणि एकाच नगरातले होते. म्हणूनच तो मिटू शकला. आणि मिटल्यावर अक्वायनसला वेश न बदलता शिकविता आले, लिहिता आले आणि नेपल्सच्या आपल्या माणसांत परत येता आले. डिसेंबर १२७३ मध्ये त्याने लेखणी खाली ठेवली, ‘सुम्मा थिओलॉजिए’ हा आपला प्रमुख ग्रंथ अपुरा सोडला, आणि ७ मार्च १२७४ रोजी फोस्सानोवाच्या मठात देह ठेवला.

३

आता गोव्याकडे वळू. धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी साष्टीच्या परिसरातील सांखवाळ या गावी झाला. शालेय शिक्षण फार थोडे. नारळीच्या बागा, शेती, अल्पवयात झालेला विवाह, आणि पोर्तुगीज अमलाखालील खेड्यात हाती लागेल ते मराठी वाचन, असे त्यांचे पहिले जग होते. ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकातील बुद्धचरित्र वाचून त्यांच्या मनाने जी उचल घेतली तिचे वर्णन ‘निवेदन’मध्ये आले आहे. युरोपीय पंडितांचे ग्रंथ, विहार किंवा गुरू यांपैकी काहीही त्यांच्या वाट्यास अद्याप आलेले नव्हते. बुद्ध त्यांना प्रथम भेटला तो मराठी अक्षरांत. त्यांच्या पुढील सर्व निर्णयांचा उगम या लहानशा घटनेत आहे असे मला वाटते.

१८९९ च्या अखेरीस, पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक यांना मागे ठेवून, ते पुण्यास आले. तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली. पुढे काशीस अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृताचा अभ्यास केला. बौद्ध धर्म जिवंत पाहावा म्हणून नेपाळ गाठले, आणि तेथील धर्माची अवस्था पाहून निराश होऊन परतले. बोधगया आणि कलकत्ता करून १९०२ मध्ये ते सिंहलद्वीपास पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात हिक्कडुवे श्रीसुमंगलाचार्यांच्या हाताखाली त्यांना दीक्षा आणि पाली विद्या ही दोन्ही मिळाली. पुढे ते ब्रह्मदेशातही राहिले आणि त्या देशाच्या लिपीतील ग्रंथ त्यांनी अभ्यासिले.

गृहत्यागाची ही हकीकत सांगताना बाळाबाईंचा विसर पडू नये. गृहत्यागी पुरुषाच्या चरित्रात मागे राहिलेल्या स्त्रीला बहुधा एखादी ओळ मिळते. ‘निवेदन’मध्ये धर्मानंदांनी स्वतःच्या मनाची ओढाताण लपविलेली नाही, तथापि त्या ओढाताणीची किंमत दुसऱ्या कोणी तरी मोजीत होते, हे वाचकाने आपण होऊन जाणावे लागते. अक्वायनसच्या घरच्यांनी त्याला कोंडून तरी पाहिले. बाळाबाईंच्या हाती तेवढेही नव्हते.

४

१९०६ साली धर्मानंद कलकत्त्यास आले आणि तेथे त्यांनी चीवराचा त्याग केला. कलकत्त्याच्या नव्या राष्ट्रीय महाविद्यालयात आणि नंतर कलकत्ता विद्यापीठात ते पाली शिकवू लागले. विद्यापीठात पालीला स्थान मिळवून देण्याच्या कामी हरिनाथ दे आणि न्यायमूर्ती आशुतोष मुखर्जी यांचे साहाय्य झाले.

भिक्षुजीवन त्यांना पेलले नाही, असा या घटनेचा अर्थ लावणे सोपे आहे. पण तो परिस्थितीकडे दुर्लक्ष करणारा ठरेल. थेरवादी विनयाप्रमाणे भिक्षूने धन हाताळू नये, मध्याह्नानंतर जेवू नये, आणि उपासकांनी दिलेल्या भिक्षेवर राहावे. या नियमांमागे एक समाज गृहीत धरलेला आहे : सकाळी दारात पात्र घेऊन उभ्या राहिलेल्या भिक्षूला ओळखणारा आणि त्याला अन्न देणे हे आपले कर्तव्य मानणारा. सिंहलात आणि ब्रह्मदेशात तो समाज होता. १९०६ च्या कलकत्त्यात किंवा पुण्यात तो नव्हता. उलट, जेथे अध्यासन होते तेथे वेतन, वेळापत्रक आणि परीक्षा होत्या. थॉमसच्या पॅरिसमध्ये मठ आणि विद्यापीठ एकाच नदीकाठी होते. धर्मानंदांचा विहार आणि त्यांचे विद्यापीठ यांच्यामध्ये समुद्र होता. दोहोंना सांधणारी संस्था नव्हती, म्हणून ते काम एका माणसाला आपल्या देहावर घ्यावे लागले.

पुढच्या पिढीने हा मार्ग थोडा रुळविला. भदंत आनंद कौसल्यायन आणि भिक्षू जगदीश काश्यप यांनी चीवर न सोडता अध्यापन आणि ग्रंथसंपादन केले. काश्यपजींनी १९५१ साली नालंदा येथे पालीच्या उच्च अध्ययनाची संस्था उभी केली. बंगळूर शहरात १९५६ साली महाबोधी सोसायटी स्थापन करणारे आचार्य बुद्धरक्षित यांनीही भिक्षू राहूनच ग्रंथानुवाद आणि शिक्षण यांची सांगड घातली. शतकाच्या आरंभी धर्मानंदांना जी निवड करावी लागली ती या मंडळींना त्याच स्वरूपात करावी लागली नाही. पालीला विद्यापीठात आणून बसविण्याचे पूर्वीचे काम झाले नसते तर हा बदल इतक्या लवकर झाला असता असे वाटत नाही.

५

चीवर सोडणाऱ्या धर्मानंदांनी लवकरच अध्यासनही सोडले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये देऊ केले. अट अशी की, त्यांनी महाराष्ट्रातील कोणत्याही गावी राहावे आणि वर्षाला एक पुस्तक बडोदे संस्थानासाठी लिहून द्यावे. कलकत्त्यातील स्थिर जागा सोडून धर्मानंदांनी हे पत्करले. कारण उघड आहे. जी विद्या त्यांनी सिंहली आणि ब्रह्मदेशी लिप्यांतून मिळविली, ती आपल्या माणसांना मराठीतून द्यावी ही मूळची ओढ होती. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ (१९१०) हे पुस्तक आणि पुढे ‘बुद्धलीलासारसंग्रह’ (१९१४) हे या ओढीचे फळ होय.

याच सुमारास हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांची गाठ पडली आणि १९१० मध्ये धर्मानंद प्रथम अमेरिकेस गेले. हेन्री क्लार्क वॉरेन या विद्वानाने हाती घेतलेले ‘विसुद्धिमग्ग’चे संपादन त्याच्या १८९९ मधील मृत्यूमुळे अपुरे राहिले होते, ते चार्ल्स लॅनमन यांच्या देखरेखीखाली पुरे करावयाचे होते. कामाच्या श्रेयासंबंधी लॅनमन यांच्याशी मतभेद होऊन ते १९१२ मध्ये परतले. त्यानंतर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी १९१८ पर्यंत पाली शिकविली. पु. वि. बापट, चिं. वि. राजवाडे, ना. के. भागवत यांच्यासारखे विद्यार्थी त्या वर्गांतून निघाले आणि महाराष्ट्रात पालीच्या अध्ययनाची परंपराच सुरू झाली. १९१८ नंतर हार्वर्डच्या आणखी तीन फेऱ्या झाल्या. मध्यंतरी महात्मा गांधींच्या गुजरात विद्यापीठात अध्यापन झाले, आणि १९२९ मध्ये लेनिनग्राडच्या बौद्ध विद्या संस्थेचे बोलावणे आले. तेथून परतल्यावर १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात ते शिरोड्यास गेले, विलेपार्ल्याच्या छावणीत त्यांनी काम केले आणि तुरुंगवासही भोगला. १९३७ साली परळच्या कामगारवस्तीत त्यांच्यासाठी ‘बहुजनविहार’ उभा राहिला.

ही यादी वाचून कोणासही हा अस्थिर वृत्तीचा मनुष्य होता असे वाटेल. परंतु प्रत्येक मुक्कामी एक गोष्ट सारखीच दिसते. जेथे विद्या द्यावयाची आहे तेथे ते जातात, आणि देणे संपले किंवा अडले की उठतात. वर्षावास संपल्यावर भिक्षूने एका ठिकाणी रेंगाळू नये, चारिका करावी, हा जुना दंडक आहे. चीवर उतरले तरी चारिका सुटली नाही.

६

धर्मानंदांच्या विद्वत्तेचा कस पाहावयाचा तर ‘विसुद्धिमग्ग’कडे जावे लागते. पाचव्या शतकात सिंहलातील अनुराधपूरच्या महाविहारात आचार्य बुद्धघोषांनी रचलेला हा ग्रंथ तेवीस परिच्छेदांचा आहे. पहिल्या दोहोंत शील, तिसऱ्यापासून तेराव्यापर्यंत समाधी, आणि चौदाव्यापासून अखेरपर्यंत प्रज्ञा, अशी त्याची बांधणी. अक्वायनसच्या ‘सुम्मा’शी त्याची तुलना सहज सुचते. पूर्वसूरींची विखुरलेली वचने एका चौकटीत आणणे आणि आचारापासून अंतिम ज्ञानापर्यंत एक पायवाट आखून देणे, हे दोन्ही ग्रंथांचे उद्दिष्ट आहे. भेद पद्धतीत आहे. ‘सुम्मा’ पूर्वपक्ष मांडून, त्याचे खंडन करून पुढे सरकते. तिच्यात विद्यापीठाच्या वादसभेचा आवाज ऐकू येतो. ‘विसुद्धिमग्ग’ साधकाला हाती धरून नेतो. ध्यानाला बसण्याची जागा कशी असावी, कोणत्या प्रकृतीच्या माणसाने कोणता विषय घ्यावा, येथपर्यंत तो बोलतो. एक ग्रंथ अध्यासनावरून सांगितलेला आणि दुसरा विहारात घोकलेला, असे म्हणता येईल.

विहारात घडलेला हा ग्रंथ विद्यापीठाच्या रीतीने संपादित करण्याची जबाबदारी ज्याच्यावर आली तो दोन्ही ठिकाणी राहिलेला होता. पाठभेद लावणे हे काम लिपी जाणणारा कोणीही पंडित करू शकेल. पण ध्यानप्रकरणातील एखादा शब्द परंपरेत कसा समजला जातो हे जाणणारा संपादक दुर्मीळ. या ग्रंथाच्या दोन आवृत्ती त्यांच्या नावाशी जोडलेल्या आहेत. रोमन लिपीतील हार्वर्डची आवृत्ती, वॉरेन यांचे संपादन आणि धर्मानंदांचे संस्करण अशा रूपात, त्यांच्या मृत्यूनंतर १९५० साली बाहेर पडली. त्याआधीच, १९४० मध्ये, मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने त्यांची देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली होती. शिवाय या ग्रंथावर आणि ‘अभिधम्मत्थसंगह’ या ग्रंथावर त्यांनी स्वतः पालीत टीका लिहिल्या. विसाव्या शतकातील एका मराठी लेखकाने पालीत नवी टीका लिहावी, ही घटना भारतीय साहित्यांच्या इतिहासात नोंदविण्यासारखी आहे. त्यांच्या लेखी पाली ही चालू असलेल्या परंपरेची भाषा होती. तिच्यात भर घालणे अजून शक्य होते.

७

अक्वायनसचे सर्व ग्रंथलेखन लॅटिनमध्ये आहे. नेपल्समध्ये त्याने लोकभाषेत प्रवचने दिली, पण ग्रंथ आचार्यांच्या भाषेतच लिहिले. धर्मानंदांनी मात्र आपले मुख्य विचारधन मराठीत ठेवले. चीवर आणि अध्यासन यांना सांधणारी जी संस्था त्यांना कोठेच मिळाली नाही तिची जागा मराठी ग्रंथाने घेतली, असे माझे प्रतिपादन आहे. ग्रंथ वाचणाऱ्यास परीक्षा द्यावी लागत नाही, आणि दीक्षाही घ्यावी लागत नाही.

‘भगवान बुद्ध’ (१९४०–४१) हा या दृष्टीने त्यांचा सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ होय. सिद्धार्थाने म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून घर सोडले ही सर्वश्रुत कथा त्यांनी पारखून घेतली. मुळात ती विपस्सी या पूर्वीच्या बुद्धाच्या आख्यानातून आलेली असून नंतर गौतमाला चिकटविली गेली, असे त्यांनी दाखविले. ‘सुत्तनिपाता’तील अत्तदण्ड सुत्ताच्या आधारे त्यांनी निराळेच कारण पुढे मांडले : शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून होणारे तंटे आणि शस्त्र हाती घेणाऱ्या माणसांविषयी वाटलेला उद्वेग. एका सुत्ताच्या वाचनातून बुद्धाचे चित्रच पालटले. वार्धक्याला भिणाऱ्या राजपुत्राच्या जागी, आपल्याच आप्तांच्या हातातील शस्त्रे पाहून व्यथित झालेला एक नागरिक उभा राहिला. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही गृहत्याग रोहिणीच्या पाण्याच्या तंट्याशी जोडलेला आहे. पालीच्या पाठचिकित्सेतला एक मुद्दा महाराष्ट्राच्या समाजजीवनात केवढा मोठा होऊ शकतो, याची कल्पना यावरून येईल.

या ग्रंथांची भाषा साधी, जवळजवळ कोरडी आहे. अलंकार नाहीत, भावनेला चढविलेला सूर नाही. मूळ उतारा, त्याचा अर्थ, आणि त्यावरून निघणारा निष्कर्ष असा क्रम ते सोडीत नाहीत. वाचकाला न पटले तर त्याने आधार तपासून पाहावा, असे त्या लेखनाचे धोरण आहे. भगवान बुद्धाच्या आणि जैन श्रमणांच्या आहारासंबंधीची त्यांची मते अनेकांना दुखावणारी ठरली आणि जैन समाजात क्षोभ झाला. तरी पुरावा दाबून ठेवणे त्यांना मान्य झाले नाही. सत्य सांगणे हा येथे वादकौशल्याचा विषय नसून शीलाचा विषय आहे. ‘विसुद्धिमग्गा’चे पहिले दोन परिच्छेद या गद्यात असे उतरले आहेत.

८

‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’ (१९३५) या ग्रंथात वैदिक, श्रमण, पौराणिक आणि पाश्चात्य अशा संस्कृतींचा आढावा घेऊन ते अहिंसेच्या सामाजिक रूपाकडे येतात. अमेरिकेत समाजवादी विचारांशी झालेला परिचय, रशियाचे दर्शन आणि गांधींचा सहवास यांचा मेळ घालण्याचा तो प्रयत्न आहे. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ (१९४९) या पुस्तकात अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह या चार यामांना त्यांनी समाजरचनेचे तत्त्व म्हणून पाहिले. अपरिग्रह एकट्या यतीने पाळावयाचा नियम न राहता समाजाने पाळावयाचा झाला तर समाजवाद आणि श्रमणधर्म यांत वैर उरणार नाही, ही त्यांची धारणा होती. या मांडणीत इतिहासाच्या दृष्टीने आक्षेपार्ह जागा आहेत. पार्श्वनाथासंबंधीचा पुरावा तुटपुंजा आणि उत्तरकालीन आहे, आणि त्यावर रचलेली इमारत मोठी आहे. पण हे तत्त्वचिंतन पुस्तकांवरून पुस्तकांत उतरलेले नव्हते, हे त्यांच्या अखेरीने दाखविले.

शरीर व्याधीने थकले, कामाला निरुपयोगी झाले, तेव्हा दुसऱ्यावर भार होऊन जगू नये असे त्यांनी ठरविले. १९४६ मध्ये दोहरीघाट येथे त्यांनी अन्नत्याग आरंभिला. गांधींच्या आग्रहाने तो सोडला. पुढे सेवाग्रामात पुन्हा अन्न सोडून ४ जून १९४७ रोजी त्यांनी देह ठेवला. दिल्लीच्या प्रार्थनासभेत गांधींनी त्यांना श्रद्धांजली वाहिली. या निर्णयाशी सहमत होणे सर्वांनाच शक्य नाही. विनय ज्याला मान्य त्याने स्वेच्छामरण पत्करावे का, हा प्रश्न बौद्ध परंपरेतही सोपा नाही. आणि धर्मानंदांनी आधार घेतला तो श्रमण परंपरेच्या दुसऱ्या, जैन शाखेतील समाधिमरणाचा. मात्र ज्या परंपरांचा त्यांनी इतिहास लिहिला त्यांना ते संग्रहालयातील वस्तू मानीत नव्हते, एवढे यातून निःसंशय सिद्ध होते.

९

मराठी वाङ्मयेतिहासाने धर्मानंदांना आत्मचरित्रकार म्हणून एक प्रकरण, आणि विद्याशाखेच्या इतिहासाने पालीपंडित म्हणून दुसरे प्रकरण द्यावे, ही व्यवस्था सोयीची आहे. पण तिच्यामुळे त्यांच्या कार्याचा अर्थ निसटतो. ‘विसुद्धिमग्गा’च्या पाठभेदांवर घालविलेली वर्षे आणि मराठी वाचकासाठी लिहिलेली बुद्धकथा ही एकाच श्रमाची दोन टोके आहेत. अक्वायनसचे चरित्र वाचताना त्याच्या पंथाला आणि त्याच्या विद्यापीठाला वगळून चालत नाही, कारण त्या दोन संस्थांनी मिळून त्याला घडविले. धर्मानंदांच्या बाबतीत उलट प्रकार आहे. विहार त्यांना परदेशात सापडला, विद्यापीठांत ते येऊन जाऊन राहिले, आणि दोहोंमधील अंतर त्यांनी स्वतःच्या भाषेत भरून काढले.

‘निवेदन’ आणि निवडक लेखन यांची इंग्रजी भाषांतरे त्यांच्या नातीने, समाजशास्त्रज्ञ मीरा कोसंबी यांनी, २०१० आणि २०११ मध्ये प्रसिद्ध केल्यापासून मराठीबाहेरच्या अभ्यासकांना हे साहित्य सुलभ झाले आहे. आता आवश्यकता आहे ती त्यांचे पाली संपादन, पाली टीका आणि मराठी ग्रंथ एकमेकांशेजारी ठेवून वाचण्याची. पाली जाणणाऱ्यांनी त्यांचे मराठी वाचावे आणि मराठी जाणणाऱ्यांनी त्यांच्या पालीकडे वळावे. त्यांना स्वतःला यांतील एक दुसऱ्यावाचून पुरे वाटले नव्हते.